आईंचा हिस्सा एका डॉलरला लिहून घेऊ का?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंचं पत्र आलंय. पत्र चांगलं चार पानी आहे, म्हणून आधी थोडक्यात सांगते. २००९ मध्ये त्यांनी घर घेतलं ते तिघांच्या नावावर. एक त्यांचे मिस्टर, दुसरे थोरले दीर (त्या भाऊजी म्हणतात, मीही तेच म्हणते) आणि तिसऱ्या सासूबाई, ज्यांनी डोंबिवलीचा फ्लॅट विकून आलेले पैसे डाऊन पेमेंटला दिले होते. भाऊजी तीन-चार वर्षांतच वेगळे राहायला गेले, नाव मात्र तसंच राहिलं. सासूबाई आता ८४ वर्षांच्या आहेत, स्मृतिभ्रंश आहे, गेल्या वर्षीपासून नर्सिंग होममध्ये आहेत आणि खर्च मेडिकेड या सरकारी योजनेतून चाललाय. आता भाऊजी टेक्सासला चाललेत आणि त्यांना आपला हिस्सा मोकळा करून हवाय. ताईंना आणि त्यांच्या मिस्टरांना दोघांचेही हिस्से घेऊन घर पूर्ण आपल्या नावावर करायचंय. मंडळातल्या एका काकांनी सल्ला दिलाय की आईंचा हिस्सा एका डॉलरला क्विटक्लेम डीड (आपला हक्क सोडून देण्याचा कागद) करून घ्या, घरातल्या घरातच तर आहे, कोण विचारतंय. आणि पत्राच्या शेवटी ताईंनी लिहिलंय, "नोकरी सोडून मी त्यांचं सगळं केलं, आणि आता ते घर सरकारच्या घशात घालायचं का?"

ताई, ते शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. राग अगदी खरा आहे तुमचा आणि त्याबद्दल पुढे बोलणारच आहे, पण आधी काकांचा सल्ला बाजूला ठेवा, कारण तुमच्या परिस्थितीत त्याच्याइतकं महागात पडणारं दुसरं काही नाही.

मेडिकेड म्हणजे मेडिकेअर नाही हे तुम्हाला ठाऊक असेलच, पण घरातल्या बाकीच्यांनाही सांगा, कारण हा घोळ आपल्याकडे फार होतो. मेडिकेअर ६५ नंतरचं, त्यात तुमच्याकडे किती मालमत्ता आहे हे कोणी विचारत नाही, पण ते नर्सिंग होमचे फार तर १०० दिवस बघतं, तेही हॉस्पिटलात राहून आल्यावर आणि नर्सिंगची किंवा थेरपीची गरज असेल तरच. वर्षानुवर्षं राहण्याचा खर्च उचलतं ते मेडिकेड आणि ते गरजूंसाठी आहे म्हणून मालमत्ता मोजतं. न्यू जर्सीत आईंसारख्या एकट्या व्यक्तीच्या नावावर मोजण्यासारखं २,००० डॉलरपेक्षा जास्त असून चालत नाही. मग तुम्ही म्हणाल घराचा एक तृतीयांश हिस्सा असताना मंजूर झालंच कसं? बहुतेक यासाठी, की त्या घरात दुसरा मालक म्हणजे तुमचे मिस्टर राहतात, आणि घर विकायला लावलं तर त्यांचं छप्पर जाईल अशी स्थिती असेल तर तो हिस्सा मोजत नाहीत. अर्जाच्या वेळची फाईल काढा आणि घराबद्दल तिथे नेमकं काय लिहिलंय ते बघून घ्या, पुढचं बरंचसं त्यावर ठरणार आहे.

आता एका डॉलरचं गणित. समजा घराची आजची किंमत ६ लाख ६० हजार डॉलर आहे आणि कर्ज १ लाख २० हजार उरलंय. म्हणजे ५ लाख ४० हजार राहिले आणि आईंचा तिसरा हिस्सा झाला १ लाख ८० हजार. (डीडवर हिस्से लिहिलेले नसतील तर साधारण समान धरतात, पण डीड एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.) तो हिस्सा तुम्ही एका डॉलरला घेतला तर मेडिकेडच्या लेखी आईंनी १ लाख ८० हजार दान केले. मेडिकेड मागची पाच वर्षं म्हणजे ६० महिने तपासतं हे काकांनाही माहीत असेल, पण आधीच मेडिकेडवर असलेल्या माणसाने आज दिलेलंही तपासतात, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मग त्या रकमेला नर्सिंग होमच्या सरासरी खर्चाने भागतात. हिशोबाला महिना १२ हजार धरले तर १५ महिने होतात, तेवढे महिने मेडिकेड आईंचा खर्च देणार नाही. आणि हे १५ महिने येतील तेव्हा आईंच्या खात्यात काय असेल? एक डॉलर. नर्सिंग होमचं बिल मात्र दर महिन्याला येत राहील, ते कोणाच्या टेबलावर येऊन पडणार हे मी सांगायला नको.

तोच हिस्सा तुम्ही पूर्ण १ लाख ८० हजार देऊन घेतला तर? तेव्हाही मेडिकेड थांबेल कारण आईंकडे २,००० पेक्षा जास्त आले, पण त्या पैशातून आईंचा खर्च साधारण तेवढेच महिने निघेल, पैसे संपत आले की परत अर्ज करायचा आणि मेडिकेड परत सुरू. दंड नाही, चौकशी नाही, आईंची खोली हलत नाही. दोन्हीकडे महिने १५च, पण एका वाटेवर आईंजवळ पैसे आहेत आणि दुसऱ्या वाटेवर काहीच नाही. म्हणून म्हणते की घरातल्या घरात स्वस्तात घेतलं की वाचलं ही समजूतच उलटी आहे, ओळखीतला व्यवहार जितका जवळचा तितका तो बारकाईने बघतात.

आणि हो, वर्षाला अमुक इतकं गिफ्ट चालतं असंही कोणीतरी सांगेल. ती १९ हजार डॉलरची सूट गिफ्ट टॅक्सची आहे, मेडिकेडचा त्याच्याशी काही संबंध नाही. मेडिकेड नातीला दिलेले पाचशेही धरतं आणि देवळाला दिलेली देणगीसुद्धा धरतं.

आता तुमच्या रागाकडे येते. कायद्यात एक सूट आहे जी खास तुमच्यासारख्या घरांसाठी आहे. मुलगा किंवा मुलगी आईवडिलांच्या घरात त्यांच्यासोबत किमान दोन वर्षं राहिली असेल, म्हणजे नर्सिंग होमला जायच्या लगेच आधीची दोन वर्षं, आणि त्यांनी केलेल्या देखभालीमुळेच आईवडील तेवढा काळ घरी राहू शकले असतील, तर त्या घरातला आईचा हिस्सा त्या मुलाच्या नावावर केला तरी दंड लागत नाही. हो, एका पैशाशिवाय केला तरी. पण शब्द मुलगा किंवा मुलगी असा आहे. सून त्यात नाही. हे लिहिताना मलाही वाईट वाटतंय, कारण तुमच्या पत्रातून स्पष्ट दिसतंय की अंघोळ घालणं, भरवणं, रात्री दार उघडून बाहेर जायला निघालेल्या आईंना परत आणणं हे सगळं बव्हंशी तुम्ही केलं, आणि कागदावर तुमच्या त्या वर्षांना जागा नाही.

पण तुम्हीच लिहिलंय की २०२० पासून मिस्टरांचं काम घरून होतं, रात्रीची पाळी त्यांची होती, उचलून व्हीलचेअरवर बसवणं, औषधं, डॉक्टरकडे नेणं हे ते करायचे. मग हा प्रश्न वकिलासमोर सगळ्यात आधी ठेवायचा. न्यू जर्सी या सवलतीबाबतीत कडक आहे, नुसतं सोबत राहिलो, स्वयंपाक केला, सामान आणलं एवढ्यावर भागत नाही, नेहमीच्या घरगुती मदतीपेक्षा जास्त देखभाल होती आणि आईंची अवस्था तशी होती हे दाखवावं लागतं. त्यासाठी त्या दोन वर्षांतल्या डॉक्टरांचं पत्र, हॉस्पिटलची कागदपत्रं, मिस्टरांचा पत्ता त्या घराचाच होता हे दाखवणारी टॅक्स रिटर्न्स आणि लायसन्स, आणि कोण काय करत होतं याची तारखांसकट नोंद जमवा. जे खरं आहे तेच लिहा, तुमचं काम मिस्टरांच्या नावावर चढवू नका, कारण ती नोंद पुढे शपथेवर विचारली जाऊ शकते. त्यांनी खरोखर जे केलं ते पुरेसं असेल तर हा हिस्सा रीतसर त्यांच्याकडे येतो आणि आईंचं मेडिकेड एक दिवसही थांबत नाही. पुरेसं नसेल तर पुढचं वाचा.

मला विचाराल तर, ही सूट मिळाली नाही तर आईंच्या हिश्श्याला आत्ता हातच लावू नका. फक्त भाऊजींचा घ्या. भाऊजी मेडिकेडवर नाहीत, त्यांचा हिस्सा तुम्ही कितीला घेता याच्याशी मेडिकेडला काही देणंघेणं नाही, ते दोघा भावांनी बसून ठरवावं (भाऊजींना भांडवली नफ्यावर टॅक्स लागेल का ते त्यांच्या सीपीएला म्हणजे टॅक्सचं काम बघणाऱ्याला विचारू दे, ते तिथे बरीच वर्षं राहत नाहीत म्हणून घरमालकाची नेहमीची सूट बहुधा मिळणार नाही). आईंचा तिसरा हिस्सा आज जसा न मोजलेला आहे तसा राहतो, त्यांचं मेडिकेड चालू राहतं, आणि भाऊजी टेक्सासला जायला मोकळे. एक बघा, क्विटक्लेमने भाऊजींचं नाव टायटलवरून म्हणजे मालकीतून जातं, कर्जावरून जात नाही, त्यासाठी रिफायनान्स म्हणजे जुनं कर्ज फेडून नवं कर्ज करावं लागेल आणि तेव्हा बँक टायटलवरच्या सगळ्यांच्या सह्या मागेल, म्हणजे आईंचीही.

इथेच खरी गाठ आहे. स्मृतिभ्रंश असलेल्या आईंचा हात धरून सही घ्यायची नाही. घेतलीत तर ती टिकत नाही आणि उद्या टायटल कंपनी किंवा मेडिकेड बोट ठेवेल ते तुमच्यावरच. आई ठणठणीत असताना पॉवर ऑफ अटर्नी केली होती का हे तुम्ही लिहिलं नाहीये. असेल तर ती नीट वाचा, स्थावर मालमत्तेचा अधिकार त्यात आहे का, आणि फुकट देण्याचा म्हणजे गिफ्टचा अधिकार स्पष्ट शब्दांत आहे का, कारण न्यू जर्सीत तो स्पष्ट लिहिलेला नसेल तर पॉवर ऑफ अटर्नीवर गिफ्ट करताच येत नाही. वर सांगितलेल्या, देखभाल करणाऱ्या मुलाच्या सवलतीसाठीसुद्धा हे लागेल. आणि अधिकार मिस्टरांच्या नावाने असेल तर विकणारे तेच आणि घेणारेही तेच असं होतं, ते कोर्टाला अजिबात आवडत नाही, मग भाऊजी पर्यायी म्हणून नेमलेले असतील तर त्यांनी आईंच्या बाजूने सही करणं जास्त बरं. पॉवर ऑफ अटर्नी नसेलच तर सुपीरियर कोर्टातून गार्डियनशिप म्हणजे आईंच्या वतीने निर्णय घ्यायचा अधिकार घ्यावा लागेल, त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातो आणि गार्डियनलाही घर विकायला कोर्टाची परवानगी लागते. तरी ते करा, आडवाटेने जाऊ नका.

मग आईंच्या पश्चात काय, हे तुम्ही थेट विचारलं नाही पण घशात घालायचं का म्हणालात त्यातला खरा प्रश्न हाच आहे. १९९३ च्या केंद्राच्या कायद्याने प्रत्येक राज्याला हे बंधनकारक केलंय की ५५ वर्षांनंतर मेडिकेडने दीर्घकाळच्या देखभालीवर केलेला खर्च त्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर तिच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून वसूल करायचा. न्यू जर्सी तो वसूल करते, आणि काही राज्यांत टायटलवर सर्व्हायव्हरशिप (एक मालक गेला की हिस्सा आपोआप दुसऱ्याकडे) असली की हिस्सा सुटतो तसं न्यू जर्सीत होत नाही, इथे संयुक्त नावाने किंवा लाईफ इस्टेटने म्हणजे हयातीपुरता हक्क ठेवून पुढे गेलेलाही पकडतात. म्हणजे आईंच्या तिसऱ्या हिश्श्यावर दावा येणार, खर्च झाला असेल तेवढ्याचा, आणि फार तर त्या हिश्श्याच्या किमतीइतका. घराच्या बाकीच्या हिश्श्यांवर नाही.

पण हे नीट वाचा, कारण याने तुमची झोप परत येईल असं मला वाटतं. आईंच्या मृत्यूच्या आधीपासून घरातलं जवळचं माणूस त्या घरात सलग राहत असेल आणि ते त्याचं मुख्य घर असेल तर न्यू जर्सी बोजा नोंदवते पण वसुलीला येत नाही, जोवर ते माणूस हयात आहे आणि आपणहून घर विकत नाही किंवा सोडून जात नाही तोवर. तुम्हाला घराबाहेर काढत नाहीत. म्हणजे आईंचा हिस्सा न घेता तसाच ठेवला तर उद्या बोजा येईल, तुम्ही तिथेच राहाल, आणि दहा-पंधरा वर्षांनी घर विकाल तेव्हा तो भराल. शिवाय मेडिकेड नर्सिंग होमला जो दर देतं तो आपण खिशातून भरतो त्यापेक्षा साधारण कमी असतो, म्हणजे १ लाख ८० हजार आज आईंच्या खात्यात टाकून खासगी दराने संपवण्यापेक्षा हे बहुधा स्वस्तच पडेल. मुलांच्या कॉलेजच्या तोंडावर एवढं कर्ज काढायची वेळही येत नाही.

तरीही घर एकदाचं पूर्ण नावावर हवंच असेल, तसं वाटणं मी समजू शकते, तर लायसन्स असलेल्या अप्रेझरकडून म्हणजे घराचं मूल्यांकन करणाऱ्याकडून किंमत काढून घ्या, तुमच्या ओळखीच्या रिअल्टरचा अंदाज नको. चेक आईंच्या एकटीच्या खात्यात गेला पाहिजे, जॉइंट खात्यात नाही. आजवर हप्ते, टॅक्स, छप्पर, फर्नेस सगळं तुम्हीच भरलंत असं लिहिलंय, त्याच्या पावत्या असतील तर आईंच्या हिश्श्यातून त्यांच्या वाटणीचं वजा धरता येतं का ते वकिलाला विचारा, पण स्वतः आकडा कमी करून टाकू नका. आणि विक्री झाली की काउंटीच्या बोर्ड ऑफ सोशल सर्व्हिसेसला लगेच लेखी कळवायचं, वार्षिक तपासणीची वाट बघायची नाही, न कळवता मेडिकेड चालू ठेवलं तर ते परत मागतात.

ते पैसे आईंवर खर्च करायचे, तुमच्यावर नाही, पण आईंवर म्हणजे नुसतं नर्सिंग होमचं बिल असं नाही हं. चांगलं ऐकायचं यंत्र, दात, बरी व्हीलचेअर, एकटीची खोली, अंत्यविधीचे पैसे आधीच भरून ठेवणं, आणि तुमच्या भागात मिळाली तर आठवड्यातून दोन-तीनदा येऊन त्यांच्याशी मराठीत बोलत बसणारी एखादी बाई. तुम्ही लिहिलंय ना की आता त्या इंग्रजी विसरल्यात आणि तिथे कोणाशी बोलतच नाहीत, तर त्या पैशाचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही. बिलं आणि पावत्या ठेवा.

अजून एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीय, पण मला ती घराइतकीच मोठी वाटते. चिपळूणच्या घराच्या आणि वाडीच्या उताऱ्यावर आईंचं नाव आहे, चुलत दीर हक्कसोड पत्रावर त्यांचा अंगठा मागतायत, आणि मेडिकेडच्या अर्जात हे कोणी लिहिलं नव्हतं. ताई, मेडिकेड मालमत्ता कुठल्या देशात आहे ते बघत नाही. अकरा जणांच्या नावावर असलेला, वाटण्या न झालेला आणि कोणी विकत न घेणारा हिस्सा कदाचित मोजलाही जाणार नाही, पण ते त्यांनी ठरवायचं, आपण लपवायचं नाही. आणि मोबदला न घेता केलेलं हक्कसोड पत्र म्हणजे त्यांच्या लेखी परत दानच. आपल्याकडे बहिणी-आत्या हसत सह्या देतात, त्यामुळे कोणाच्या मनातही येत नाही की चिपळूणच्या सब-रजिस्ट्रारकडे झालेल्या कागदाने एडिसनमधली खोली अडचणीत येईल. शिवाय आईंना आता समजत नसताना घेतलेला अंगठा तिकडेही टिकणार नाही. चुलत दीरांना सांगा की वकिलाशी बोलल्याशिवाय काही होणार नाही, थोडं वाईटपण येईल, येऊ दे. ही उताऱ्याची गोष्ट वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा, त्यांच्याशी झालेलं बोलणं गुप्त राहतं आणि राहून गेलेलं आपणहून दुरुस्त करणं आणि पकडलं जाणं यात फार फरक असतो.

वकील म्हणजे घराच्या खरेदीविक्रीचं क्लोजिंग करणारे नव्हेत, एल्डर लॉ म्हणजे वृद्धांच्या बाबतीतला कायदा बघणारे आणि न्यू जर्सीतलेच हवेत, दुसऱ्या राज्यातल्या भाच्याचा मित्र नको कारण नियम राज्यागणिक बदलतात. जाताना डीड, कर्जाचं स्टेटमेंट, मेडिकेडचा अर्ज आणि मंजुरीचं पत्र, पॉवर ऑफ अटर्नी, आईंच्या आजाराची कागदं आणि तो उतारा घेऊन जा. एकत्र जा, भाऊजींनाही घेऊन, म्हणजे नंतर तू असं म्हणाला होतास तसं म्हणाला होतास होणार नाही. फी आईंच्या कामापुरती त्यांच्या पैशातून देता येते.

भाऊजींना टेक्सासची घाई आहे हे कळतं, पण त्यांच्या हिश्श्याचं काम रिफायनान्ससकट दोन-तीन महिन्यांत होऊ शकतं, पॉवर ऑफ अटर्नी असेल तर. म्हणून आज संध्याकाळीच कपाट उघडून ती आहे का ते बघा, आणि वकिलाची भेट होईपर्यंत आईंच्या नावाचा कुठलाही कागद, इथला असो की चिपळूणचा, पुढे सरकू देऊ नका. भेटीत काय ठरलं ते मला जरूर कळवा, विशेषतः मिस्टरांच्या त्या दोन वर्षांबद्दल वकील काय म्हणाले ते.